दया आणि प्रमाण

प्राणिमात्रावर दया करावी, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. कीर्तनात, पुराणात, आजीच्या गोष्टींत ते आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की, त्याविषयी विचार करण्याजोगे काही शिल्लक आहे असे सहसा वाटत नाही. दया ही अंतःकरणाची वृत्ती. ती ज्याच्या ठायी आहे तो सज्जन, नाही तो निष्ठुर. विषय येथेच संपतो. परंतु ज्याच्यावर दया करावयाची तो जीव मुका असेल, आपल्या हातून झालेली चूक बोलून दाखविण्याची सोय त्याला नसेल, आणि आपण त्याच्याभोवती जे उभे केले त्याच्यावरच त्याचे सारे जगणे अवलंबून असेल, तर केवळ अंतःकरण कोमल असणे पुरेसे आहे काय? की दयेला आणखी एखाद्या गुणाची जोड असल्याखेरीज ती दया या नावाला पात्रच होत नाही? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका लहानशा उदाहरणाच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे हौसेने घरात ठेवलेली समुद्रातील माशांची काचेची टाकी आणि तिच्यासाठी कालवावे लागणारे खारे पाणी.

उदाहरण पुष्कळांना क्षुल्लक वाटेल. गोड्या पाण्यातील सोनमासे दिवाणखान्यात ठेवण्याची चाल जुनी आहे, आणि तिच्यात कुणाला नीतिशास्त्र दिसत नाही. परंतु समुद्राच्या जिवांची गोष्ट निराळी. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा, कोळंबीच्या जातीचे रंगीत जीव, समुद्रफुले यांना आपल्या घरी आणावयाचे म्हणजे त्यांच्याबरोबर समुद्रही आणावा लागतो. गोव्याच्या वाचकाला वाटेल, समुद्र तर दाराशीच आहे. घागरभर पाणी आणले की झाले. पण मांडवी-जुवारीच्या मुखाचे पाणी पावसाळ्यात बहुतांशी गोडे होते, आणि बंदराजवळच्या पाण्यात तेलापासून सांडपाण्यापर्यंत काय काय मिसळलेले असते ते डोळ्यांना दिसत नाही. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील वाचकापुढे तर हा पर्यायही नाही. त्याला समुद्र आपल्या हातांनी, बादलीत, तयार करावा लागतो. आपला प्रश्न नेमका तेथे सुरू होतो.

समुद्र तयार करावयाचा म्हणजे काय करावयाचे? महासागराच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. यालाच दर हजारी ३५ क्षारता म्हणतात. या क्षारांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के आणि सोडियम सुमारे ३० टक्के असते. त्यांच्या खालोखाल सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम येतात. ही सहा द्रव्ये मिळून एकंदर क्षारांचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग होतो. ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात निरनिराळ्या महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार या रसायनज्ञाने १८८४ साली एक गोष्ट निर्विवाद करून दाखविली. पाणी कोठे अधिक खारट असेल, कोठे कमी. परंतु या मुख्य द्रव्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. समुद्राचा स्वभाव त्याच्या खारटपणापेक्षाही या परस्परप्रमाणात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे कुणी असे विचारील की, मीठ हे समुद्राचेच ना? मग मिठागरातील मीठ पाण्यात विरघळविले म्हणजे पुन्हा समुद्र का होऊ नये? प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर बोधप्रद आहे. मिठागराच्या वाफ्यात समुद्राचे पाणी उन्हाने आटू लागले की, त्यातील सर्व क्षार एकाच वेळी खाली बसत नाहीत. प्रथम चुन्याचे कार्बोनेट वेगळे होते. पाणी मूळच्या सुमारे एक पंचमांश उरले की जिप्सम खाली बसते, आणि ते सुमारे एक दशांश उरले म्हणजे मग आपले खाण्याचे मीठ स्फटिकरूपाने दिसू लागते. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचे क्षार शेवटपर्यंत उरलेल्या कडवट पाण्यात राहतात, आणि ते पाणी मीठ करणारा काढून टाकतो; कारण ते राहिले तर मीठ कडू होते व ओल धरते. आपल्या जिभेला जे नको होते ते आपण वगळले. ते योग्यच झाले, कारण ते मीठ आपल्यासाठी होते. परंतु प्रवाळाला त्याचा सांगाडा रचण्यासाठी कॅल्शियम हवे असते, आणि ते कॅल्शियम पाण्यात टिकून राहावे यासाठी मॅग्नेशियमही हवे असते. वगळलेल्या गोष्टींतच त्याचे जीवन होते. समुद्रातून निघालेले मीठ पुन्हा समुद्र होऊ शकत नाही, याचे कारण हे आहे. म्हणून मत्स्यालयासाठी सर्व द्रव्ये योग्य प्रमाणात एकत्र केलेले निराळे मिश्रण वापरावे लागते.

ते मिश्रण कालविण्याचीही एक रीत आहे. पाणी शक्यतो गाळून शुद्ध केलेले, आरओ यंत्रातून काढलेले घ्यावे; नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा जुन्या नळांतून उतरलेला तांब्याचा अंश आपल्याला बाधत नाही, पण कोळंबीला व समुद्रफुलाला तो मारक ठरू शकतो. मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये. कारण थोड्या पाण्यात पुष्कळ मीठ असे झाले की, काही क्षार एकमेकांशी संयोग पावून खाली बसतात आणि पुन्हा नीट विरघळत नाहीत. दर लिटरला मिश्रणाच्या जातीप्रमाणे ३६ ते ४० ग्रॅम लागतात. हे पाणी टाकीच्या बाहेर, निराळ्या भांड्यात, लहान पंपाने ढवळत कित्येक तास ठेवावे, त्याची उष्णता टाकीतील पाण्याइतकी, म्हणजे २५-२६ अंशांवर आणावी, मग मोजावे, आणि मोजून झाल्यावरच टाकीत घालावे. जीव असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये. ही सारी खटपट कुणाला कर्मकांडासारखी वाटेल. पण कर्मकांडातील पुष्कळ विधींचा हेतू आज आपल्याला सांगता येत नाही; येथील प्रत्येक पायरीच्या मागे कुठल्या तरी जिवाचे सुखदुःख उभे आहे.

ते सुखदुःख कसे ते पाहू. हाडांचा सांगाडा असलेल्या सागरी माशाच्या शरीरातील द्रव समुद्राच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच खारट असतो. दोन द्रवांच्या मध्ये पातळ पडदा असला, तर पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे जाते. यालाच परासरण म्हणतात. म्हणून समुद्रातील माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर पाझरत असते. चहूंकडे पाणी असूनही तो तहानलेलाच असतो. तो समुद्राचे पाणी पितो, आणि त्याबरोबर आलेले जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या साहाय्याने बाहेर टाकतो. हे काम अहोरात्र चालते आणि त्यासाठी त्याची शक्ती खर्च होते. पाणी अधिक खारट झाले की त्याचे ओझे वाढते. एकाएकी गोडसर झाले तर उलट दिशेचे संकट येते. तारामासा, समुद्रफूल, प्रवाळ यांना तर एवढेही साधन नाही. त्यांच्या अंगातील द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच खारट असतो. बाहेर जे घडेल ते आत घडते. आपण बादलीत जी चूक करतो, ती त्यांच्या शरीरात शिरते.

आता पूर्वपक्षाकडे वळू. आपल्या धर्मात भावाला फार मोठे स्थान आहे. भाव तेथे देव, असे आपण म्हणतो. नैवेद्याचा स्वयंपाक करणारी गृहिणी पदार्थ चाखून पाहत नाही. मीठ अंदाजाने घालते. एखाद्या दिवशी वरण अळणी झाले किंवा भाजी खारट झाली, म्हणून देव रुसला असे कुणी मानीत नाही. विधीत न्यून राहिले तर शेवटी क्षमा मागितली जाते आणि भक्ताची खात्री असते की, ते न्यून भरून निघाले. मग जो मनुष्य मनापासून जिवाची काळजी घेतो, त्याच्या हातून मापात थोडे इकडेतिकडे झाले, तर त्याला दोष का द्यावा? हेतू शुद्ध आहे, एवढे पुरे नाही काय?

हा पूर्वपक्ष दुबळा नाही, आणि तो टाकून देण्याचे कारणही नाही. तो आपल्या जागी खरा आहे. मात्र ती जागा कोणती, हे पाहिले पाहिजे. देवाच्या ठायी आपल्या मापातील चूक क्षम्य ठरते, याचे कारण देवाला कशाची उणीव नाही हे आहे. तो पूर्ण आहे. आपल्या वरणातील मिठावर त्याचे काही अवलंबून नाही. म्हणूनच तो भावाचा भुकेला आहे असे आपण म्हणू शकतो, कारण दुसऱ्या कशाची भूक त्याला नाहीच. काचेच्या टाकीतील जिवाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याला सर्वच गोष्टींची उणीव आहे. आपण देऊ तेवढेच पाणी, घालू तेवढेच मीठ, सोडू तेवढीच हवा. तो भावाचा भुकेला नाही. त्याला पाणी हवे आहे, आणि तेही त्याच्या शरीराला सोसेल असे. त्याच्यापुढे भाव ठेवून क्षमा मागणे म्हणजे पूर्णापुढे वागण्याची रीत अपूर्णापुढे वापरणे होय. देवाशी वागताना भाव हा विधीची उणीव भरून काढतो. दुबळ्या जिवाशी वागताना विधी हाच भावाचा पुरावा असतो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे आपल्याकडे कित्येकदा भक्तीची भाषा हयगयीचे पांघरूण बनते.

दयेला ज्या गुणाची जोड हवी तो गुण कोणता, याचे उत्तर आपल्याच भाषेतील एका शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे प्रमाण. व्यवहारात प्रमाण म्हणजे माप. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे नैयायिकांनी मानली. या दोन अर्थांचा संबंध किती जवळचा आहे हे खाऱ्या पाण्याच्या बादलीपुढे उभे राहिले की कळते. पाणी निर्मळ दिसते. पण दर हजारी २५ क्षारतेचे पाणी आणि ४५ क्षारतेचे पाणी डोळ्यांना सारखेच निर्मळ दिसते. जिभेला ते खारट लागते. पण किती, हे जीभ विश्वासाने सांगू शकत नाही. इतके डबे मीठ, इतक्या बादल्या पाणी, हे अनुमान झाले. परंतु मिठाने हवेतील ओल शोषलेली असते, डबा कधी दाबून भरला जातो तर कधी सैल. पुडक्यावर छापलेले माप हे शब्दप्रमाण; ते आप्तवाक्य असेलही, पण छापणाऱ्याने आपली बादली पाहिलेली नाही. म्हणून उपकरण लागते. विशिष्ट गुरुत्व दाखविणारा हायड्रोमीटर किंवा प्रकाश किती वळतो यावरून क्षारता सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर हे आपल्या प्रत्यक्षालाच दिलेले साहाय्य आहे. दर हजारी ३५ क्षारतेच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व २५ अंश उष्णतेला सुमारे १.०२६ असते.

पण उपकरण खरे सांगते कशावरून? हा प्रश्न मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील एका जुन्या वादाची आठवण करून देतो. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक कारण दिसेपर्यंत ते खरे धरावे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून ठरते. समोर दिसले ते पाणी की मृगजळ, हे ते पिऊन तहान भागली म्हणजे कळते. मत्स्यालयाच्या बाबतीत मीमांसकांचा मार्ग धोक्याचा आहे. सुई असलेल्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी सुई वर उचलली जाते आणि पाणी आहे त्याहून खारट दिसते. कित्येक रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. ते दीडेक अंकाचा फरक दाखवितात, आणि तो फरक समजला नाही तर माणूस तोच सत्य मानून वर्षभर चालतो. तेव्हा नैयायिकांचे म्हणणेच स्वीकारले पाहिजे. परंतु येथे एक अडचण आहे. तहान आपली असती, तर पिऊन पाहता आले असते. येथे पाणी कालविणारा एक आणि त्यात राहणारा दुसरा. आपल्या ज्ञानाची परीक्षा त्याच्या शरीरावर होते, आणि ते ज्ञान खोटे ठरल्याचे आपल्याला कळते ते बहुधा त्याच्या मरणाने. यातून सरळ एक कर्तव्य निघते. दुसऱ्याच्या जिवावर परिणाम करणारे ज्ञान त्याच्यावर वापरण्यापूर्वीच तपासून घेतले पाहिजे. ज्याची क्षारता निश्चित माहीत आहे असे ३५ चे प्रमाणद्रावण मिळते. उपकरणात ते घालून पाहावे आणि मगच आपले पाणी मोजावे. केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळवून भागत नाही, कारण शून्याला खरे सांगणारे उपकरण ३५ ला खोटे सांगू शकते.

याहून सूक्ष्म अशी एक चूक आहे, आणि ती आळशी माणसाकडून नव्हे, तर तत्पर माणसाकडून होते. उघड्या टाकीतील पाणी रोज थोडे आटते. आटते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून भर घालावयाची ती शुद्ध गोड्या पाण्याची. परंतु मनुष्य विचार करतो की, समुद्राच्या माशांना समुद्राचेच पाणी द्यावे, आणि मोठ्या मायेने, योग्य मापाने कालविलेले खारे पाणी त्यात ओततो. समजा, टाकीत १०० लिटर पाणी आहे आणि त्यात दर लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे एकंदर ३,५०० ग्रॅम क्षार आहेत. आठवड्याला ३ लिटर आटले आणि तितकेच खारे पाणी घातले, तर दर आठवड्याला १०५ ग्रॅम क्षार वाढतात. दहा आठवड्यांत ते ४,५५० ग्रॅम होतात, लिटरला साडेपंचेचाळीस. पाण्याची पातळी रेषेवर, पाणी निर्मळ, मालक दक्ष, आणि जीव मात्र दिवसेंदिवस क्षीण. प्रत्येक वेळी घातलेले पाणी योग्य मापाचे होते. तरी एकंदरीने विपरीत झाले. कारण ‘काय द्यावे’ हा प्रश्न त्याने आपल्या मायेला विचारला. ‘काय कमी झाले आहे’ हा प्रश्न टाकीला विचारला नाही. संसारातही असे दिसते. जे उणे नाही तेच आपण प्रेमाने पुन्हा पुन्हा देत राहतो, आणि घेणारा त्याखाली दबून जातो.

चूक कळल्यावर काय करावे, हाही नीतीचाच प्रश्न आहे. क्षारता वाढली आहे हे ध्यानात येताच माणसाला अपराधी वाटते, आणि त्या भरात तो सर्व पाणी एका दिवसात पूर्ववत् करू पाहतो. पण जो जीव दहा आठवड्यांत हळूहळू एका स्थितीशी जुळवून घेत आला, त्याला एका दुपारीत दुसऱ्या स्थितीत ढकलणे हा दुसरा आघात होय. पाणी दिवसाला एखाद्या अंकाने उतरवीत आणावे लागते. दुकानातून नवा मासा आणला तरी त्याच्या पिशवीत टाकीचे पाणी थेंबाथेंबाने सोडून त्याला सवय करावी लागते. पश्चात्तापाची घाई ही पुष्कळदा आपल्या मनाचा भार हलका करण्याची घाई असते; तिच्यात समोरच्याच्या सोयीचा विचार नसतो. खरा पश्चात्ताप दुसऱ्याच्या शरीराला सोसेल त्या गतीने चालतो.

यावर कुणी असा आक्षेप घेईल की, निसर्ग स्वतः एवढा काटेकोर कोठे आहे? तांबडा समुद्र दर हजारी ४० च्या आसपास खारट आहे, बाल्टिक समुद्राच्या मोठ्या भागात क्षारता दहाच्याही खाली आहे. आणि आमच्या मांडवीत तर एकाच वर्षात उन्हाळ्याचे खारे पाणी पावसाळ्यात गोडे होते, तरी तेथे शिंपले आहेत, खेकडे आहेत, मासे आहेत. हे खरे आहे. परंतु याचा अर्थ एवढाच की, ‘योग्य’ हा शब्द कुणासाठी हे सांगितल्याखेरीज अपुरा आहे. खाडीतला जीव असंख्य पिढ्यांच्या अनुभवाने त्या बदलाला सिद्ध झालेला असतो. शिंपला कवच मिटून घेतो, मासा खाली-वर किंवा समुद्राकडे सरकतो. प्रवाळाच्या खडकावरील जिवाला असे बदल ठाऊक नाहीत, आणि काचेच्या चार भिंतींत सरकून जाण्याला जागा नाही. ज्याला निघून जाता येते त्याच्याशी वागण्याचे माप एक. ज्याला निघून जाता येत नाही त्याच्याशी वागण्याचे माप दुसरे. आपण ज्याचे स्वातंत्र्य काढून घेतो, त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी निसर्गापेक्षाही अधिक काटेकोर होते.

येथून आपण मूळ प्रश्नाच्या अधिक खोल बाजूकडे येतो. मुळात असे स्वातंत्र्य काढून घ्यावे काय? या छंदाचा इतिहासच या प्रश्नावर बोलका आहे. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून लंडनला प्रवाळसदृश जीव आणले आणि ते जगविले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास ओतीत राहावे लागे. आणि ते काम तिच्या घरची एक लहान मोलकरीण करीत असे. इतिहासाने मालकिणीचे नाव राखले. जिच्या हातांनी ते जीव जगले तिचे कुणाला ठाऊक नाही. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाने चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल बनविण्याची कृती प्रसिद्ध केली. गॉस अत्यंत धर्मनिष्ठ होता. सृष्टीतील प्रत्येक जीव त्याला ईश्वराच्या कौशल्याची खूण वाटे. त्याच्या पुस्तकांनी हजारो कुटुंबांना समुद्रकिनाऱ्याची गोडी लावली, आणि ती कुटुंबे जाळी व बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे की, खडकांतील पाण्याची ती सुंदर डबकी त्या लाटेत उजाड झाली, आणि आपण नकळत त्याला कारण झालो हे पुढे बापालाही कळून त्याला खेद झाला. त्याची भक्ती खरी होती, त्याची कृतीही शास्त्रशुद्ध होती. परंतु एका बादलीचे प्रमाण त्याने पाहिले. सर्वांच्या बरण्या एकत्र केल्यास किनाऱ्यावर काय उरेल, हे प्रमाण पाहावयाचे राहिले.

म्हणून पाण्याची क्षारता बरोबर आहे, एवढ्याने सर्व बरोबर झाले असे नाही. जीव आला कोठून, हेही विचारले पाहिजे. आपल्या देशात प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे. ते बाळगणे हा अपराध आहे. आग्नेय आशियाच्या काही समुद्रांत खडकांतले रंगीत मासे गुंगविण्यासाठी सायनाइड वापरले गेले आहे, आणि त्याने मासे पकडले जाताना खडकही मेले आहेत. उलट विदूषक मासा बंदिस्त जागेत अंड्यापासून वाढविता येतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पद्धत सिद्ध केली आहे. ज्याला हा छंद करावयाचाच आहे, त्याने समुद्रातून न काढता असा वाढविलेला जीव घ्यावा. शास्त्रांनी प्रत्येक कर्मापूर्वी अधिकार पाहण्यास सांगितले आहे. रोज मोजण्याचा, रोज आटलेले भरून काढण्याचा, गावाला जाताना आपल्यामागे हे कोण करील याची व्यवस्था लावण्याचा निश्चय ज्याचा नाही, त्याला या कर्माचा अधिकार नाही, आणि ते न करण्यात त्याला काही कमीपणाही नाही.

हा विचार माशांपुरता राहू नये. देवळाच्या तळीतील माशांना मूठभर चुरमुरे टाकणे हे आपण पुण्यकर्म मानतो, आणि एका मुठीत वावगे काही नाही. पण उत्सवाच्या दिवशी शेकडो मुठी पडतात, न खाल्लेले अन्न कुजते, कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते, आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात; भाविकांना ते अधिक मागत आहेत असे वाटते. माणसाच्या बाबतीतही हेच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांची मोजून बांधलेली मिश्रणे पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातांनी पाजविली आणि असंख्य जीव वाचविले. तेथे माया त्या नातेवाइकांची होती, ती आधीपासूनच होती. तिला जीव वाचविण्याचे सामर्थ्य आले ते मोजलेल्या मिठाने. त्याच पाण्यात घाबऱ्या हाताने मीठ जास्त पडले तर तेच लहान मुलाला घातक होते, हे आजही प्रत्येक आईला सांगावे लागते.

तात्पर्य, दया आणि माप ही परस्परविरुद्ध आहेत, एक हृदयाची आणि दुसरे वाण्याच्या तराजूचे, ही आपली समजूत सोडून दिली पाहिजे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने माप बोलते. तो जे सांगू शकत नाही ते काटा सांगतो, आणि काट्याकडे पाहण्याचा कंटाळा करणे म्हणजे त्याचे ऐकून न घेणे होय. म्हणून ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांनी आपल्या प्रेमाचा विचार करण्यापूर्वी तिचे पाणी मोजावे. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही, आपल्यावर सर्वस्वी विसंबून असलेला आपल्या घरातला मुका जीव कोणता, मग तो गोठ्यातला असो, पाळण्यातला असो की अंथरुणाला खिळलेला असो, हे एकदा पाहावे, आणि आपण त्याला जे देत आहो तेच त्याला कमी पडले आहे काय, याची चौकशी करावी.